चौकोनांच्या आतली अक्षरं

नवघरच्या झेरॉक्सच्या दुकानात खारी गावचे एक काका टायपिंग करतात. त्यांचं नाव मला अजून माहीत नाही. प्रिंट हातात देण्याआधी ते पेन्सिल टेकवत प्रत्येक अक्षर तपासतात, मागची रांग कितीही कुरकुरली तरी.

माझा प्रकल्प प्राचीन फिनिशियन लिपीवर होता. शेवटच्या दिवशी त्यांच्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली, तर अक्षरांच्या जागी नुसते रिकामे चौकोन. मी घाबरले. कॉलेजातले सर आधीच म्हणाले होते, "मेलेली लिपी कोण वाचतंय? फोटो चिकटव." म्हणून मी म्हटलं, "काका, फोटोच लावूया."

काका भडकले. "फोटो कशाला? अक्षर हाय ते! आत हाय, दाखवायला फॉन्ट न्हाय. आमच्या मराठी अर्जांचे पण असेच चौकोन व्हायचे. वर सायेब सांगणार, इंग्लिशमध्ये भरा. का म्हणून?"

त्यांनी फुकटचा फॉन्ट शोधून टाकला. चौकोन गेले, बावीस अक्षरं उभी राहिली. ही लिपी उजवीकडून वाचतात असं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी पेन्सिलही उजवीकडूनच फिरवली.

कॉलेजात सरांनी तीच फाइल उघडली. "हे काय, रिकामे चौकोन? परत करून आण."

घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. एरवी "हो सर" म्हणून परत फिरते. त्या दिवशी मात्र काकांचा राग माझ्याही अंगात होता. मी पेन्सिलच्या खुणांची प्रिंट त्यांच्यासमोर ठेवली.

"सर, अक्षरं आत आहेत. तुमच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नाही."