देवघरातलं पदक

अमेरिकेत ॲन आर्बरमध्ये एका गराज सेलला जुनी पुस्तकं घेतली, तेव्हा घरमालकिणीने वर एक चांदीचं पदक दिलं. गेल्या शतकाच्याही आधी व्हिएतनामच्या उत्तरेत फ्रेंचांनी केलेल्या मोहिमेचं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेल्या बाईचा चेहरा, मागे लढायांच्या गावांची नावं. मी ते वाचायच्या पुस्तकात खुणेसाठी ठेवत असे.

आई नागपूरहून राहायला आली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "अगं, देवीचा टाक पुस्तकात कोंबतात का? मुकुटसुद्धा दिसत नाही तुला?"

मी हसले. सांगायला हवं होतं. पण तिने तोवर ते घासून देवघरात ठेवलं होतं आणि कुंकू लावलं होतं. तीन वर्षं रोज लावलं.

शेजारच्या आजी व्हिएतनामच्या. आईला इंग्रजी येत नव्हतं, त्यांना मराठी. तरी रोज सकाळी दोघींचा चहा व्हायचा. आधी देवघरासमोर हात जोडायचे, हे आईनेच त्यांना शिकवलेलं.

मार्चमध्ये आई गेली. तेराव्या दिवशी आजी संत्री घेऊन आल्या आणि सवयीने देवघरासमोर उभ्या राहिल्या. दादाचा सकाळीच फोन आला होता, आईचा टाक पाठव, आम्ही पूजेत ठेवतो. मला ते खोटं आता पेलवेना. मी पदक उचललं, उलटं केलं आणि त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी चष्मा लावला. एका नावावर बोट ठेवलं. "बाक निन्ह. माझ्या आईचं गाव."

मी ते कशाचं पदक आहे ते सांगितलं.

"तुझ्या आईला माहीत होतं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"नाही."

"तुला?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मी रोज हात जोडत होते," त्या म्हणाल्या. पदक त्यांनी देवघरात नाही, टेबलावर ठेवलं. चहा न घेता गेल्या. त्यानंतर त्यांचं दार मी दोनदा वाजवलं. आत टीव्ही चालू होता.

रविवारी दादाने पुन्हा विचारलं, "कुरिअर केलंस का गं?"

"दादा, तो टाक नाही," म्हणत मी सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "मग आई इतकी वर्षं तुझ्यासाठी कुणाकडे मागत होती?"

पदक अजून टेबलावरच आहे. कुंकू मी पुसलेलं नाही.