पॉकेट बुक नंबर पाच

नवं राज्य झालं, त्याच्या पुढच्या वर्षी माझी बदली रायपूरला झाली. मी निमलष्करी दलाच्या मेडिकल शाखेत हवालदार होतो. रायपूर माझंच गाव. घर शंकर नगरला. भनपुरीच्या पुढे, ट्रकांच्या यार्डामागे एक गोदाम घेऊन दलानं तिथं बारा खाटांचा दवाखाना उघडला होता. आम्ही त्याला एम.आय. रूम म्हणायचो. दक्षिणेकडच्या जंगलातल्या पोस्टांवरून आजारी आणि जखमी जवान हेलिकॉप्टरनं यायचे. आम्ही त्यांना सावरायचो आणि शहरातल्या मोठ्या इस्पितळात पाठवायचो. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून वारा आला की चादरींवर काळी भुकटी बसायची. दिवसातून दोनदा चादरी झटकाव्या लागत.

स्टोअर माझ्याकडे होतं. त्यात आठ पॉकेट बुकं होती. डॉक्टर आणि नर्सिंग असिस्टंट यांच्यासाठीची, शर्टच्या खिशात मावतील अशी. साप चावला तर काय, रक्त किती गेलं ते कसं ओळखायचं, कुठलं औषध किलोमागे किती. छापील पानं एकशे ब्याण्णव, शेवटची सोळा कोरी. प्रत्येक बुकावर मी नंबर टाकला होता. नंबर पाच नायक सुधाकर भोयरकडे होतं.

भोयर वर्धा जिल्ह्यातला. वय तेहतीस. सर्वांत आतल्या पोस्टवर तो एकटा नर्सिंग असिस्टंट. डॉक्टर तिथं नव्हता. भोयर औषध द्यायचा, बुकातल्या कोऱ्या पानावर शिसपेन्सिलीनं वेळ आणि डोस लिहायचा, ते पान फाडून प्लास्टिकच्या पुडीत घालायचा आणि सेफ्टी पिननं पेशंटच्या खिशात अडकवायचा. सरकारी टॅग वेगळा असायचा. पण टॅगवर पेननं लिहावं लागे आणि घामानं शाई पसरे. त्याच्या पेशंटची पुडी मात्र कोरडी यायची.

जूनमध्ये इन्स्पेक्शन झालं. बुक नंबर पाचमधली अकरा पानं कमी निघाली. इन्स्पेक्शनच्या अधिकाऱ्यानं नुसता शेरा मारला. भोयरला पत्र मी लिहिलं. पुस्तक ऑन चार्ज, म्हणजे सरकारी नोंदीवर आहे, पान फाडू नये, नोंद पुस्तकातच ठेवावी, टॅग नियमाप्रमाणे भरावा. त्याच आठवड्यात भोयर औषधं न्यायला आला.

"मुळेभाऊ, तुमी पोथी वाचता का पानंच मोजता?"

"दोन्ही. अकरा पानं कुठं गेली सांग."

"अकरा पोट्टे घरी गेले नं, त्यायच्या खिशात गेली."

"हे मले लिहून दे."

तो हसला. "लिवाले पान कुठून फाडू?"

मी हसलो नाही. त्यानं सॅल्यूट केला आणि पत्राच्या प्रतीवर सही केली. त्यानंतर त्यानं एकही पान फाडलं नाही.

जुलैत एका मंगळवारी बारा वीसला एक जवान आला. कॉन्स्टेबल, वय चोवीस, वजन पन्नास किलो. बेशुद्ध, ताप एकशे चार, मेंदूत चढलेला मलेरिया. टॅगवर नाव वाचता येत होतं. त्याखाली निळा डाग होता. मी त्याचे दोन्ही खिसे तपासले. काही नव्हतं.

सोबत आलेल्या एस्कॉर्टला विचारलं. तो म्हणाला, "बॉटल चढी थी भैया. उसमें क्या था, नहीं मालूम."

आमच्या डॉक्टर मॅडम असिस्टंट कमांडंट होत्या, नोकरीचं दुसरं वर्ष. त्यांनी आपलं बुक उघडून माझ्यासमोर धरलं. क्विनीनचा पहिला डोस दुप्पट, या वजनाला हजार मिलिग्रॅम. त्यानंतर दर आठ तासांनी पाचशे. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की चोवीस तासांत क्विनीन दिली गेली असेल तर पहिला डोस पुन्हा देऊ नये.

"दिया है कि नहीं, हवालदार?"

"पता नहीं, मॅडम."

दिला असेल आणि आम्ही परत दिला, तर हृदय बंद पडू शकत होतं. दिला नसेल आणि आम्ही निम्मा दिला, तर संध्याकाळपर्यंत तो राहिला नसता. मोठं इस्पितळही हाच प्रश्न विचारणार होतं. नाडी अनियमित होती. मॅडम म्हणाल्या, "एक पंद्रह तक रुकूँगी. पोस्ट को पूछो."

मी वायरलेसवर गेलो. पोस्टनं सांगितलं, भोयर पोस्टवर नाही. हेलिपॅडला पहारा देणारी पार्टी पायी परतत आहे, तो तिच्यासोबत आहे, बुक त्याच्याजवळ आहे. पार्टीचा सेट बारा बावन्नला लागला. पार्टी नाल्यात होती. आवाज तुटत होता.

"भोयर, मी मुळे बोलून राहिलो. क्विनीन दिली का? किती, कधी? ओव्हर."

खरखर. "दिली भाऊ... पाच चाळीस..." पुन्हा खरखर.

"किती ते नाही आलं. रिपीट. ओव्हर."

तीन वेळा रिपीट म्हटलं. तीनही वेळा आकडा आला नाही. पाच चाळीस ही सुरू केल्याची वेळ की संपल्याची, आणि पहिला डोस पुरा गेला का, हे कळल्याशिवाय पुढचं ठरत नव्हतं. मग पार्टी कमांडरचा आवाज आला, "ऊपर नहीं जाना, भोयर." त्यानंतर अकरा मिनिटं सेट शांत होता. ऑपरेटर माझ्याकडे बघत होता. मी घड्याळाकडे. बाहेर यार्डात कोणीतरी टायरवर हातोडा मारत होतं.

एक वाजून सात मिनिटांनी आवाज स्वच्छ आला. तो टेकाडावर चढला होता.

"मुळेभाऊ, लिवा. क्विनीन हजार, डेक्स्ट्रोजमधी. सुरू पाच चाळीस, संपली नऊ चाळीस. दुसरा डोस बाकी हाय. ओव्हर."

मी वाचून दाखवलं.

"हव, बरोबर. पोट्टा कसा हाय? ओव्हर."

"जिवंत आहे. खाली उतर. ओव्हर."

उत्तर आलं नाही. त्याच्या सेटचं बटण दाबलेलंच होतं; ते दाबलेलं असेपर्यंत त्याला माझं ऐकू येणार नव्हतं. सेटमधून तीन बार ऐकू आले, मग पार्टी कमांडरचं ओरडणं, मग काही नाही.

मी आकडा मॅडमना दिला. एक चाळीसला पाचशे मिलिग्रॅम सुरू केलं. तीन वाजता ॲम्ब्युलन्स आली. सव्वातीनला पोस्टनं कळवलं की भोयर गेला.

चौकशी झाली. टेकाडावर चढायची परवानगी कोणी दिली, एवढंच विचारलं गेलं. पानांचं कोणी विचारलं नाही. मी वेगळं निवेदन लिहून दिलं, सोबत माझ्या पत्राची प्रत जोडली. ते फाइलला लागलं. महिन्याभरानं आदेश निघाला की नोंदीचं पान फाडून पेशंटसोबत पाठवावं. त्यात भोयरचं नाव नव्हतं.

त्याची बायको शोभाताई रायपुरातच भावाकडे राहायच्या, रेल्वे क्वार्टरमध्ये. माझ्या घरापासून चार किलोमीटर. मी निवृत्त झाल्यावर गेलो. पत्राचं सगळं सांगितलं, तारखेसकट.

त्यांनी चहा ठेवला होता. तो ओतायचा राहिला. "इतके वर्सं काहून नाही आले तुमी?"

मी म्हटलं, "हिंमत नव्हती."

"मंग आज काहून आले?"

मी पत्राची प्रत त्यांच्यासमोर ठेवली. ती बाजूला सारून त्यांनी विचारलं, "अन् थो पोट्टा?"

मला वाटलं होतं त्यांना माहीत असेल. कोणीच सांगितलं नव्हतं. मी सांगितलं, तो नवव्या दिवशी चालायला लागला. नोकरीत आहे. दोन मुली आहेत.

"यायनं पाहिला होता का त्याले बरा झालेला?"

"नाही. पण विचारलं होतं. शेवटचं तेच विचारलं."

"तुमी काय सांगितलं?"

"जिवंत आहे म्हटलं."

"थे त्यायले ऐकू आलं का?"

मी वायरलेसची नोंद पुष्कळदा वाचली आहे. माझं वाक्य एक वाजून आठ मिनिटांनी गेलं. पहिला बार त्याच मिनिटात आहे. नोंदीत सेकंद नसतात, आणि त्यानं बटण कधी दाबलं तेही नसतं. मी शोभाताईंना तसंच सांगितलं.