नव्या टेपचं गाऱ्हाणं

मी हे लिहावं की नाही, याची मला अजून खात्री नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि घरात लिखाण झालंच तर ते लग्नाच्या पत्रिकेवर नावं घालण्यापुरतं. त्यात मी सांगणार आहे ती हकीकत गाडीतल्या टेपची. वाचून वेळ फुकट गेला असं वाटलं तर मला माफ करावं. माझा नाइलाज एवढाच, की आमच्या बिल्डिंगमध्ये ही हकीकत प्रत्येक जण वेगळी सांगतो आणि प्रत्येकाच्या सांगण्यात चूक माझीच असते.

आम्ही कांजूरमार्गला राहतो. बाबा टुरिस्ट गाडी चालवतात. त्यांची बहुतेक भाडी रात्रीची, विमानतळाची. सकाळी मी कॉलेजला निघतो तेव्हा ते झोपायला घरी येतात, आणि संध्याकाळी मी परत येतो तेव्हा ते निघायच्या तयारीत असतात. आई नवऱ्याबद्दल म्हणते, "घोव हा की पाव्हणो, ताच कळणा नाय."

यावर एक उपाय समोर आला होता. मुलुंडच्या एका गुजराती बाई बाबांच्या गाडीत दोन-तीनदा बसल्या होत्या. त्यांचा अंधेरीला छोटा कारखाना आहे. सकाळी न्यायचं, संध्याकाळी आणायचं, अशी महिन्याच्या पगारावर गाडी त्यांना हवी होती. बाबांचं चालवणं त्यांना आवडलं होतं, पण एक अट होती. मुलुंड ते अंधेरी हा सगळा वेळ त्या फोनवर प्रवचन ऐकतात, आणि कानात काही घातलं की त्यांचा कान दुखतो. म्हणून त्यांचा फोन गाडीला जोडता आला पाहिजे. "टेप बसवून घ्या भाई, मी फोन करते," असं त्या म्हणाल्या होत्या. आणखी एक गाडीवालाही त्यांनी बघून ठेवला होता.

आमची गाडी जुनी, तीही दुसऱ्याकडून घेतलेली. तिच्या सीडी प्लेअरमध्ये आधीच्या मालकाची एक सीडी अडकली होती. गाडी खड्ड्यातून गेली की ती सुरू व्हायची आणि पुढच्या खड्ड्याला बंद पडायची. पवईच्या रस्त्याला एक गाणं कधी पुरं झालं नाही.

नवा टेप निवडायचं काम माझ्याकडे आलं.

"तो कॉलेजात जाता, तेका कळात," बाबा म्हणाले.

"बाबा, मी इतिहास शिकतोय."

"मग? टेप काय आज निघालो?"

मी मोबाइलवर टेपचे व्हिडिओ बघायला लागलो. ब्लूटूथ म्हणजे काय हे मला ठाऊक होतं, पण एका टेपचं ब्लूटूथ दुसऱ्यापेक्षा वाईट कसं असू शकतं, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. कुणी म्हणे मोठी स्क्रीन घ्या, कुणी म्हणे स्वस्तातली स्क्रीन उन्हात दिसतच नाही. परीक्षेच्या वेळीही माझी इतकी घालमेल झाली नव्हती, कारण परीक्षेत नापास झालो असतो तर निदान एकटा झालो असतो.

रविवारी देवापुढे नारळ ठेवायचं ठरलं होतं आणि त्याआधी टेप बसायला हवा होता, म्हणून शनिवारी आम्ही घाटकोपरला गाडीच्या सामानाच्या एका दुकानात गेलो. मालकाने आम्हाला बघितल्या बघितल्या एक मोठी स्क्रीन काढली.

"हा घ्या. नकाशा, मागचा कॅमेरा, पिक्चर, सगळं येतं. एकदम झकास."

"पिक्चर मी बघितला तर गाडी कोण बघणार?" बाबांनी विचारलं.

"मागे पॅसेंजर बघेल ना, अंकल."

"ती प्रवचन ऐकते."

मालकाने स्क्रीन परत खोक्यात घातली. आता माझी पाळी होती. मी घसा साफ केला आणि व्हिडिओत शिकलेला पहिला प्रश्न विचारला, "याची खरी पॉवर किती?"

"खोक्यावर लिहिलंय ना. पन्नास वॅट गुणिले चार स्पीकर."

खोक्यावरचा आकडा खरा धरायचा नसतो, हे मला माहीत होतं. पण ते तोंडावर सांगायचा धीर झाला नाही. मी म्हणालो, "अच्छा." मग दुसरा प्रश्न विचारला, "दोन फोन एकदम जोडलेले राहतात का? म्हणजे ड्रायव्हरचा आणि पॅसेंजरचा?"

मालकाने माझ्याकडे नीट बघितलं. "इंजिनिअरिंगला आहेस?"

"इतिहास."

"अच्छा," तो म्हणाला. अगदी मी म्हणालो होतो तसंच.

त्यानंतर बाबांनी स्वतःची परीक्षा सुरू केली. त्यांच्या फोनमध्ये गावच्या जत्रेतल्या दशावताराचं रेकॉर्डिंग आहे. ते त्यांनी दुकानातल्या एकेका टेपवर लावायला सांगितलं. मृदंग आणि झांज यांच्या मध्ये कुठेतरी एक राक्षस ओरडत असतो. बाबा डोळे मिटून ऐकायचे आणि मान हलवायचे, "नाय. झांज फुटता." मग पुढचा टेप, तोच राक्षस. सीट कव्हर घ्यायला आलेलं एक जोडपं कव्हर न बघताच निघून गेलं. शेवटी मालकच हात जोडून म्हणाला, "अंकल, प्रवचनात झांज नसते!"

तरी आमची निवड झाली. बिनस्क्रीनचा साधा टेप, पेनड्राइव्ह लावता येईल असा, दोन फोन सांभाळणारा, आणि आवाजाला गोल फिरवायचं बटण असलेला. गोल बटणाचा आग्रह माझा होता. चालवताना न बघता हाताला लागतं, असं मी म्हणालो आणि बाबांनी मालकाकडे बघून भुवया उडवल्या. जुनी फ्रेम न कापता तो बसला, हेही चांगलं झालं. मी बाबांचा फोन जोडला. चालवताना त्यांनी फोनला हात लावू नये म्हणून आलेला कॉल टेपने आपणहून उचलावा, अशी सेटिंगही करून ठेवली. त्या रात्री मी फार समाधानाने झोपलो.

आमच्याकडे नवी वस्तू आली की गाऱ्हाणं घालतात. नारळ हातात घेऊन घरातला किंवा शेजारातला वडीलधारा देवाला आपलं मागणं मोठ्याने सांगतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून ओरडतात. रविवारी सकाळी बिल्डिंगखाली गाडी धुऊन उभी केली. देवाला टेप दिसावा म्हणून आईने चारही दरवाजे उघडायला लावले आणि टेप बंद असेल तर देवाला काय कळणार, म्हणून तो चालूही करायला लावला. बाबांनी आवाज पूर्ण वाढवून ठेवला. देवाच्या कामात अडथळा नको म्हणून खिशातल्या फोनची रिंग मात्र आठवणीने बंद केली.

गाऱ्हाणं घालायला आमच्या मजल्यावरचे आबा होते. त्यांचा आवाज गिरणीच्या खात्यात तयार झालेला आहे.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या तुझ्या लेकरान गाडीत नवो टेप बसवलो हा, तेका कोणाची नजर लागू नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मुलुंडच्या बाईक चांगली बुद्धी होव दे! तिना दुसऱ्याची गाडी बघू नये! आणि बघल्यान, तर तेचो एसी बंद पडू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे सगळ्यात जोरात झालं. वरच्या गॅलरीतले लोकही त्यात होते.

"पगार येळार देव दे! सुट्टीचे पैसे कापूचा तिच्या मनात येव नये! आणि ती जा काय तास तास आयकता, ता आयकताना ह्येका झोप येव नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हॅलो?" गाडी म्हणाली.

आबांचा नारळाचा हात वरच राहिला.

"हॅलो? भाई? हॅलो?" चारही दरवाजांतून बाईचा आवाज आला आणि थांबला.

आबांनी डोळे मिटून गाडीला हात जोडले. "देवीन कौल दिल्यान!"

"देवी हॅलो म्हणता काय?" आई म्हणाली.

बाबांनी खिशातून फोन काढला आणि माझ्या हातात दिला. कॉल मुलुंडच्या बाईंचा होता. फोनवरच्या वेळेनुसार, आबांनी पहिला शब्द उच्चारला त्याच सुमाराला टेपने तो उचलला होता.

"किती आयकल्यान आसात?" बाबांनी विचारलं.

"सगळं."

"एसीचा पण?"

"एसीचा पण."

मग बाबांनी फोन करायचं धाडस केलं नाही आणि बाईंचाही फोन आला नाही. आबांनी जाहीर केलं, की ते देवाशी बोलत होते, मध्ये बाईंना घातलं ते शिकलेल्या पोराने. मी सेटिंग बंद केली, पण आता त्याचा काय उपयोग होता? बाबा आधीसारखेच रोज रात्री विमानतळावर जात राहिले. टेपबद्दल ते मला एक शब्द बोलले नाहीत, आणि ते बोलले असते तर बरं झालं असतं असं मला वाटायचं.

बाबांनी निदान माफी मागावी, म्हणून मी त्यांच्यासाठी चार वाक्यं तयार केली आणि आईला बाईंच्या जागी बसवून तालीम घेतली. बाबांनी सगळं नीट म्हटलं.

"नको तुमची गाडी," आई म्हणाली.

"आई, तू हो म्हणायचं आहे!"

"कशाक म्हणू? माझ्या मनात काय येवचा आणि काय नाय, ता सुद्धा तुम्ही देवाक सांगतास!"

बाबा हसले नाहीत. अंथरुणावर पडले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

गुरुवारी दुपारी मी कॉलेजच्या लायब्ररीत होतो. बाबांचा फोन आला. ती त्यांची झोपायची वेळ, म्हणून मी घाबरून जिन्यात धावलो.

"बाईंचो फोन इल्लो," बाबा म्हणाले.

"काय म्हणाल्या?"

"पोरीकडे सुरतेक गेल्ली. काल इली."

"आणि ते गाऱ्हाणं?"

"तिका वाटला, मी टेपवर आमच्याकडचा प्रवचन लावलेलंय आणि मागसून भक्त ओरडतत. त्यातला एक मुलुंड तेवढा तिका कळला."

"मग?"

"म्हणाली, भाई, फोनवरून इतकं साफ ऐकू येतं, म्हणजे टेप चांगला बघून घेतलात. सोमवारपासून या." मग बाबांनी आवाज खाली आणला. "तुझ्या आयेक अजून सांगूक नाय. आदी तुका सांगतंय. आता तिका उठवन सांगतंय, सोमवारपासून माझा रातचा जेवान घराक."