मालननं मिसरी सोडली

घाटकोपरला असल्फाच्या टेकडीवर मालनबाई बालवाडीवाली म्हणून विचारा, कोणीपण घर दाखवेल. माझी धाकटी बहीण ती. सातवी शिकलेली. मी तिच्याहून एक यत्ता कमी, पण साकीनाक्याला लेथ मशीनवर माझा हात धरणारा कोणी नाही.

चौऱ्याऐंशी साली तिनं बालवाडीत पोरांचे दात घासून घ्यायला सुरुवात केली. तीस पोरं, तीस ब्रश. ब्रश घरी दिला तर अख्खं घर त्याच एका ब्रशनं दात घासायचं, म्हणून ते बालवाडीतच ठेवायचे. त्यासाठी तीस भोकांचा पत्र्याचा स्टँड मी बनवला, प्रत्येक भोकाखाली वेगळं चित्र. असा स्टँड मोठ्या शाळेतपण नव्हता. प्रार्थना झाली की पोरं ओळीत बसायची, मालन एकेकाच्या तोंडात बघायची.

त्यात लता म्हणून चार वर्षांची पोर होती. थुंकली की काळं. तिची आजी सोनूबाई तिला रोज मिसरी लावायची. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण आमच्या बायका त्यानंच दात घासायच्या. मालननं आजीला सांगितलं, पोरीला ही सवय लावू नका. दुसऱ्या दिवसापासून लता यायची बंद.

मालन तिच्या घरी गेली. आजी चार बायकांदेखत म्हणाली, "बाई, आधी तुझे दात दाखव."

मालनपण बाराव्या वर्षापासून मिसरी लावायची, आमच्या आईनंच लावलेली सवय. पोरांसमोर ब्रश, घरी मिसरी.

"मी सोडली तर लताला पाठवशील, आजी?"

"सोड तर खरी. मग बघू."

मला वाटलं, चार दिवस टिकेल. मी स्वतः विडी सोडायचा प्रयत्न तीनदा केलाय. मालन डोकं धरून बसायची, पोट साफ होईना, माझ्यावर उगाच खेकसायची. तरी रोज सकाळी सोनूबाईच्या दारात जाऊन तोंड उघडायची. म्हातारी हिरडीवरून बोट फिरवून वास घ्यायची. बाकीच्या बायका हसायच्या.

सतराव्या दिवशी आजी लताला घेऊन बालवाडीत आली. स्वतःची मिसरी काही तिनं सोडली नव्हती, तसं तोंडावर सांगितलंपण.

"माझं काय आता राहिलंय. हिला शिकव."

मग तिथंच बसून तिनं लताच्या तोंडात ब्रश घातला आणि भांडं घासावं तशी घासायला लागली. पोर रडकुंडीला आली. मालननं म्हातारीचा हात आपल्या हातात धरला आणि हळूहळू मागच्या दाढेपर्यंत फिरवून दाखवला.

त्या दिवशी मी कामावर उशिरा गेलो. शेठनं कारण विचारलं. म्हटलं, बहिणीची शाळा बघत होतो.