अधारतालच्या दुकानातल्या गोळ्या

माझ्या धाकट्या भावाला फिट येतात. त्याच्या गोळ्या चुकवून चालत नाही. एकदा त्या आमच्या नेहमीच्या दुकानात मिळेनात, म्हणून मी आमच्याच साइटवर शोधल्या. जबलपुरात कोणतं औषध कोणत्या दुकानात आहे ते दाखवणारी ही साइट. मी तिथे प्रोग्रामर. उत्तर आलं, कुठेच उपलब्ध नाही. मग बाबा दुखरे गुडघे घेऊन बसने नागपूरला गेले आणि गोळ्या घेऊन आले.

पुढच्याच आठवड्यात मी कामानिमित्त आमच्याच शहरातल्या अधारताल भागात एका दुकानात गेले, तर त्याच गोळ्या समोर रचलेल्या.

"भैया, ये कब से हैं?"

"बहुत दिन से हैं, दीदी. स्टॉक तो हम रोज चढ़ाते हैं."

त्याचं खरं होतं. आमच्या डेटाबेसमध्ये गोळ्या होत्या. पण शोध चालतो वेगळ्या सर्च इंजिनात, आणि तिकडे आमचा प्रोग्राम नोंदी गठ्ठ्याने पाठवायचा. या दुकानाने एक्स्पायरीची तारीख भलत्याच पद्धतीने लिहिली होती. इंजिनाने तेवढी नोंद नाकारली, बाकीच्या घेतल्या, आणि उत्तरात तसं कळवलंही. ते उत्तर वाचायची सोयच आधीच्या कंत्राटदाराने केली नव्हती. गठ्ठा पोचला, काम झालं!

घरी सांगितलं, तर बाबा म्हणाले, "मंग मी काहून गेलो नागपूरले?"

चढवलेला माल शोधात दिसत नाही, अशा दुकानांच्या तक्रारी मी आमच्या मालकांना कधीपासून सांगत होते. त्यांचं एकच: "रीइंडेक्स मार दो, मैडम." म्हणजे इंजिनातलं सगळं पुसून पुन्हा पाठवा. पाठवलं की तीच नोंद पुन्हा नाकारली जायची, वर तोवर शोध अर्धा रिकामा. त्या दिवशीही म्हणाले, "पहले नया पेज बनाओ, ये बाद में."

मी नवं पेज बाजूला ठेवलं. प्रत्येक नोंदीचं उत्तर वाचायचं, नाकारलेली वेगळी काढायची, तारीख सुधारून परत पाठवायची, रोज सकाळी दोन्हीकडचा माल जुळवून बघायचा, एवढं लिहून काढलं. पहिल्यांदा चालवलं तर स्क्रीन लालेलाल.

मालक धावत आले. "ये क्या कर दिया? पहले तो एक भी एरर नहीं था!"

"थे सर. दिखते नहीं थे."

पेज लांबलं म्हणून सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. दुकानांच्या तक्रारी थांबल्या, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

गोळ्या आता शोधात दिसतात. तरी बाबा आधी दुकानात फोन लावतात.

"तू सांगून राहिली ते खरं असन," म्हणतात, "पण मी विचारून घेतो."