मोठा विकायचा, बारका ठेवायचा

निर्मळ गावात शेळीपालनाची पत्रकं वाटताना एक आजी भेटल्या. दारात दोन बोकड होते, एक धिप्पाड, एक मरतुकडा. आजी धिप्पाडाच्या पाठीवरून सारखा हात फिरवत होत्या. तो विकला गेला होता, टेम्पो यायचा होता.

मी तोंडावरच सांगितलं, "आजी, पैदाशीला हा ठेवा. दरवर्षी चांगला विकता आणि उरलेला ठेवता, म्हणून करडं अशी खुरटी होतात."

"ते कलतंय मला," त्या म्हणाल्या. "पन येनारा प्रत्येक जन मोठाच मागतो. बारका तू घेतोस? मग मोठा ठेवते."

मी हातातलं पत्रक उलटून पाहिलं. आमच्या पत्रकात गिऱ्हाइकाबद्दल अक्षर नव्हतं, सगळा दोष पाळणाऱ्यांचा.

टेम्पोत मोठा चढला. आजींनी बारक्याला शेळ्यांत सोडलं.