चांदबिबीच्या महालावरचा पिवळा झगा

केशरबाई औटींना एका जागी स्वस्थ बसवणं आजवर कुणाला जमलेलं नाही. शिलाई मशीनवर बसल्या तरी पाय चालू, हात चालू आणि तोंड तर चालूच. पारनेरच्या पेठेत त्या सव्वीस वर्षं शिवतायत, पण दुकानाच्या पाटीवर नाव आहे ‘कारभारी लेडीज टेलर्स’. कारभारी म्हणजे त्यांचे यजमान. पहिली दोन वर्षं त्यांनी मशीन चालवलं, मग कंबर धरली म्हणून दारातल्या बाकड्यावर बसले, ते अजून उठायचे आहेत. तरी बायका एकमेकींना सांगतात, “कारभारीकडनं शिवून घे, त्याचा ब्लाउज तीन बाळंतपणं निघतो.” हे कानावर पडलं की केशरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात जाते. ब्लाउज तीन बाळंतपणं निघतो, कारण त्या शिवणीच्या आत दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं जादा कापड सोडतात. अंग भरलं की जुनी टीप उसवायची, थोडी बाहेरून नवी मारायची. या कामात कारभाऱ्यांचा वाटा एवढाच, की ते आल्यागेल्याला चहा विचारतात.

दिवाळीनंतर लेकीनं, दिशानं, मोबाईलवर एक जाहिरात दाखवली. पुण्यात नव्या कपड्यांचं प्रदर्शन होतं. आपण तयार केलेला एक कपडा अंगावर घालून काढलेला फोटो पाठवायचा, निवड झाली तर कपडा तिथं मांडणार आणि खाली शिवणाऱ्याचं नाव लिहिणार. “माझं नाव?” केशरबाईंनी दोनदा विचारलं. मग आठ दिवस त्यांनी गिऱ्हाइकांना वाटेला लावलं आणि पिवळ्या मलमलीचा पायघोळ झगा शिवला. तो अंगावर चढवल्यावर दिशा त्यांना ओळखू येईना, इतकी देखणी दिसली.

फोटो काढणार होती दिशाची कॉलेजची मैत्रीण मोनिका. ती श्रीरामपूरची, लग्नांचे फोटो काढून कंटाळलेली. तिनं जागा ठरवली नगरजवळच्या डोंगरावरचा चांदबिबीचा महाल आणि वेळ ठरवली मावळतीची. “गोल्डन अवर म्हणतात काकू त्याला. त्या उजेडात सगळंच सोन्यासारखं दिसतं.” फोटोचा दिवस उगवला तो नेमका फॉर्म भरायचा शेवटचा, संध्याकाळी सातपर्यंत. म्हणजे आज चुकलं की संपलं.

पारनेरची एसटी अर्धा तास उशिरा निघाली. नगरच्या स्टँडवरून मोनिकाच्या गाडीत बसेपर्यंत केशरबाईंनी सूर्याकडे इतक्या वेळा पाहिलं की डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचायला लागले. डोंगरावर पोचल्यावर माणसांची ही गर्दी! एक नवरा-नवरी फोटोसाठी धावत होती, कुणाचं पोर वरच्या कमानीतून हाका मारत होतं. केशरबाई महालाभोवती एक फेरी मारून आल्या, मग दुसरी.

“आई, बस ना जरा,” दिशा म्हणाली.

“बसाया आलीय व्हय मी? त्यो बघ कुठवर गेला!”

शेवटी पश्चिमेची एक कमान मोकळी झाली. ऊन तिरपं होऊन आत आलं होतं आणि काळा दगड तांबूस दिसत होता. मोनिकानं दिशाला उजेडाकडे पाठ करून उभं केलं. दोन फोटो काढले, कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहिलं आणि कॅमेरा खाली घेतला.

“काय झालं?” केशरबाईंनी तिच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. मलमल उजेडात दिव्याच्या काचेसारखी पेटली होती, पण दोन्ही बाजूंनी काखेपासून घोट्यापर्यंत काळपट पट्टे उतरले होते. दोन-दोन बोटं रुंद. आत सोडलेलं जादा कापड.

सव्वीस वर्षांच्या सवयीनं हात आपोआप चालला होता. त्यांना स्वतःचीच भयंकर चीड आली. प्रदर्शनाचा झगा कोण कशाला उसवणार होतं?

“समोरून उजेड घेऊ,” मोनिका म्हणाली. तसाही एक काढला. पट्टे गेले, पण झग्यातला जीवही गेला. धुऊन वाळत घातलेल्या चादरीसारखा दिसला तो.

“किती टाइम हाय?”

“पंधरा मिनिटं. फार तर.”

“काढ गं झगा!”

मोनिकानं ओढणीचा आडोसा धरला, दिशानं आपला पंजाबी ड्रेस चढवला. केशरबाई पायरीवर बसल्या, पिशवीतून कात्री काढली आणि झगा उलटा केला. कात्री कापडाला लावली, पण हात पुढे सरकेना. मलमल विरविरीत, टिपेजवळून कापली तर धरून ठेवायला काही उरणार नव्हतं. गिऱ्हाइकाचा कपडा त्यांनी असा कधी कापला नसता. खाली नगरच्या बाजूला ऊन विझत चाललं होतं.

“आई, राहू दे, पट्ट्यांचाच पाठवू.”

“गप ऱ्हा!”

कात्री चालली. सर्रकन एक बाजू, सर्रकन दुसरी. पिवळ्या पट्ट्या पायरीवर पडल्या.

दिशा झगा चढवून पुन्हा कमानीत उभी राहिली. आता झगा सगळाच्या सगळा उजळला, कुठे डाग म्हणून नाही. मोनिका नुसती “वा काकू!” म्हणाली. तिनं कॅमेरा डोळ्याला लावला, दिशानं फोटोसाठी श्वास भरून मान उचलली आणि कमरेजवळ टिपेतून धागे सुटायला लागले. टर्र असा बारीक आवाज केशरबाईंनी वीस पावलांवरून ऐकला. असले आवाज त्यांना झोपेतही ऐकू येतात.

त्या धावल्या. दिशाच्या मागे गुडघे टेकून बसल्या आणि सुटलेली शिवण दोन बोटं आणि अंगठ्याच्या चिमटीत गच्च धरली.

“हालू नगं. श्वास बी घेऊ नगं. काढ गं मोनिका, काढ!”

मोनिकानं भराभर फोटो काढले. सातव्या-आठव्या फोटोला सूर्य डोंगराआड गेला आणि महाल एकदम राखाडी झाला. चिमटी सोडली तशी शिवण मांडीपर्यंत उसवत गेली. दिशाला हसू आवरेना. केशरबाईंनी मात्र पायरीवरच्या पट्ट्या गोळा करून पिशवीत कोंबल्या.

गाडीत तिघींनी फोटो पाहिले. एकच असा निघाला की दिशानं स्वतःलाच तीनतीनदा पाहिलं. झगा सोन्याचा दिसत होता. फक्त कमरेजवळ, त्या सोन्यात, काळीसावळी दोन बोटं आणि सुईनं टोचून खरबरीत झालेला अंगठा आला होता.

“हात काढून टाकते,” मोनिका म्हणाली. “मोबाईलवर दोन मिनिटांचं काम. कळणारही नाही कुणाला.”

सात वाजायला वीस मिनिटं होती. केशरबाई त्या फोटोकडे बघत राहिल्या. पडद्यावरच्या त्या अंगठ्यावर त्यांनी आपला अंगठा ठेवून पाहिला.

“नगं,” त्या म्हणाल्या. “हात काढल्यावर झगा उभा कशावर ऱ्हाईल?”

“पण आई, त्यांना चालला नाही तर?”

“नाय चालला तर नाय. पाठव तसाच.”

दिशानं मोनिकाकडे पाहिलं, मग फॉर्ममध्ये फोटो चढवला आणि बटण दाबलं.